कांदेनवमी आणि धरणाकाठचे बाकडे

घरच्या पंगतीच्या आठवणी सर्वांनाच असतात. परंतु बाहेर खाल्लेल्या पदार्थांच्या आठवणींची गोडी काही निराळीच. ज्या पिढ्यांनी बाहेरचे अन्न निषिद्ध मानले, त्यांच्याच नातवंडांनी एखाद्या साध्या उपाहारगृहाला जवळजवळ कुलाचाराचा मान द्यावा, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा! आमच्या एकत्र कुटुंबात हा मान खडकवासल्याच्या धरणाकाठच्या एका पत्र्याच्या छपराखालील उपाहारगृहाने मिळविला होता. यंदाच्या आषाढात कित्येक वर्षांनी तेथे जाण्याचा योग आला. त्या निमित्ताने चार शब्द लिहीत आहोत.

मुठा नदीवरील हे धरण १८७९ साली पुरे झाले. १२ जुलै १९६१ रोजी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले, तो लोंढा खडकवासल्याच्या भिंतीला सोसवला नाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुढे भिंत पुन्हा उभी राहिली. पुणेकरांच्या हंड्यांत आणि नळांत आजही येथलेच पाणी येते. २०२१ साली तर हे गावच पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. आमच्याकडील वडील मंडळी धरणावर पोचली की आधी पुराची हकीकत सांगत आणि मगच भजी मागवीत. हा क्रम कधी चुकला नाही.

आमचा जाण्याचा दिवसही ठरलेला असे. आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. दोन दिवसांनी आषाढी एकादशी येते, चातुर्मास बसतो, आणि आमच्यासारख्या घरांतून कांदा-लसूण चार महिन्यांपुरता हद्दपार होतो. तेव्हा त्याला निरोप द्यावयाचा तो थाटाने, ही सर्वांची भावना. स्वारगेटहून बस धरायची, धरणावर उतरायचे, पावसाची सर अंगावर घ्यायची आणि ओलेत्यानेच बाकड्यावर जागा पकडायची! श्रावणात कोणी पाहुणे आले व पुन्हा जाणे झाले, तर मात्र बटाट्याच्या भज्यांवर समाधान मानावे लागे.

तेथील कांदाभजी कुरकुरीत होण्याचे कारण साधेच होते. कांदा उभा आणि पातळ चिरून, मीठ लावून थोडा वेळ ठेवीत. त्याला जे पाणी सुटे त्यातच मावेल तेवढे डाळीचे पीठ कालवीत. वरून पाण्याचा थेंबही घालीत नसत. मग कढईत सोडलेल्या भज्याचे पाय चहूकडे पसरत. म्हणूनच त्याला खेकडा भजी म्हणतात. शेजारी निखाऱ्यावर मक्याची कणसे भाजली जात. कणीस तोडल्यापासून त्यातील साखरेचे पिष्ट होऊ लागते, त्यामुळे शेतातून नुकत्याच आलेल्या कणसाची गोडी मंडईतून आणून ठेवलेल्या कणसाला येत नाही.

यंदा गेलो तेव्हा पत्रे गेले होते, फरशी आली होती. लाकडी बाकड्यांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि रस्त्यावर मोटारींची अशी रांग की शेवटचा मैलभर रस्ता पायी गाठणे बरे वाटावे. भजी आली. दादांनी एक तोंडात टाकले व मान हलविली. "पूर्वीची चव नाही." धाकट्यांनी लगेच होकार भरला. तेलापासून कांद्यापर्यंत सर्वांची झडती सुरू झाली.

आमच्या काकू मात्र स्वस्थ बसल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या, बोलणे मुळातच थोडे. त्या म्हणाल्या, "चवीचे काय घेऊन बसलात? तुम्ही येथे भजी खायला येत होतात, मी बसायला येत होते."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्यांनीच सांगितले. घरी भज्यांचा बेत असला की सोळा माणसांचे घाणे त्यांच्या हातचे. पहिला मुलांना, दुसरा पुरुषांना, आणि स्वतःच्या ताटात पडे तो शेवटचा, बहुधा निवालेला. वर्षातून एकदा, ह्या छपराखाली, कोणी परका माणूस गरम बशी त्यांच्यापुढे ठेवी आणि "अजून आणू का, ताई?" असे विचारी. "एवढे विचारलेले पुरे वाटे," असे म्हणून त्यांनी समोरची बशी जवळ ओढली. त्यांच्या मते भज्यांत काहीच उणे नव्हते.

जुन्या उपाहारगृहांविषयी हळहळताना आपण बहुधा पदार्थाची आठवण काढतो, कारण लिहिणारे आणि बोलणारे बहुधा खाणाऱ्यांपैकी असतात. रांधणाऱ्यांना विचारले तर आठवण निराळी निघते. खडकवासल्याचे ते बाकडे काकूंच्या दृष्टीने घरातील एकमेव जागा होते, आणि ते घरापासून दहा-बारा मैलांवर होते!

बाकडे गेले त्याचा शोक करण्यात अर्थ नाही. परंतु त्याने दिलेले सुख घरी देता येण्यासारखे आहे. येत्या कांदेनवमीस कांदा पुरुषांनी चिरावा, कढईपाशी मुलग्यांनी उभे राहावे, आणि पहिला घाणा घरातील वडील बाईच्या पानात पडावा. भजी थोडी करपली तरी चालतील. "अजून आणू का?" हे विचारावयास मात्र विसरू नये.