फिलिप क्वास्ट

फिलिप मार्क क्वास्ट (जन्म : ३० जुलै १९५७, टॅमवर्थ, न्यू साउथ वेल्स) हे ऑस्ट्रेलियन नट व गायक आहेत. इंग्रजी संगीत रंगभूमीवर, विशेषतः सिडनी आणि लंडन येथे, त्यांनी चार दशकांहून अधिक काळ काम केले आहे. ‘ले मिझेराब्ल’ या संगीत नाटकातील पोलीस अधिकारी जाव्हेर ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध भूमिका आहे. लंडनच्या रंगभूमीवरील सर्वोच्च मानला जाणारा लॉरेन्स ऑलिव्हिये पुरस्कार त्यांना संगीत नाटकातील सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून तीन वेळा मिळाला. या विभागात तीनदा विजयी होणारे ते पहिले अभिनेते होत. यांपैकी एकही पुरस्कार जाव्हेरसाठी नाही. ज्या भूमिकेने त्यांचे नाव जगभर पोहोचवले ती एक आणि ज्यांनी त्यांना रंगभूमीवर मान मिळवून दिला त्या वेगळ्या, हे त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य आहे.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

क्वास्ट यांचा जन्म न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील टॅमवर्थ या शहरी झाला. त्यांच्या आईवडिलांचा टर्की पक्षी पाळण्याचा व्यवसाय होता. अभिनयाचे रीतसर शिक्षण त्यांनी सिडनी येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत घेतले व १९७९ मध्ये पदवी संपादन केली. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था नटांना आवाज, देहबोली आणि संहितेचा अर्थ यांचे शिक्षण देते. क्वास्ट यांची मूळ घडण अशा प्रकारे गायकापेक्षा नटाची आहे. शिक्षणानंतर त्यांनी साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या नाट्यसंस्थेत काम केले.

दूरचित्रवाणी : ‘प्ले स्कूल’

१९८१ ते १९९६ या काळात क्वास्ट ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या ‘प्ले स्कूल’ या कार्यक्रमाचे एक सादरकर्ते होते. १९६६ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम शाळेत जाण्याच्या वयाआधीच्या मुलांसाठी असतो. त्यात सादरकर्ते कापडी खेळण्यांच्या सोबतीने गाणी म्हणतात, गोष्टी सांगतात आणि गोल, चौकोनी किंवा कमानदार खिडकीतून बाहेरचे जग दाखवतात. सादरकर्ता थेट कॅमेऱ्याकडे पाहून, समोर एकच मूल बसले आहे अशा रीतीने बोलतो. या माध्यमात भपका किंवा अतिरंजित अभिनय चालत नाही. साधेपणा व स्पष्ट उच्चार यांवरच सारे अवलंबून असते. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील एक पिढी क्वास्ट यांना प्रथम ओळखते ती बालपणीच्या मित्राच्या रूपात. रात्री रंगमंचावर कठोर जाव्हेर साकारणारा नट याच वर्षांत दूरचित्रवाणीवर लहान मुलांना गाणी शिकवीत होता.

जाव्हेरची भूमिका

व्हिक्टर ह्यूगो यांच्या १८६२ च्या कादंबरीवर आधारित ‘ले मिझेराब्ल’ हे संगीत नाटक १९८० मध्ये पॅरिसला फ्रेंच भाषेत व १९८५ मध्ये लंडनला इंग्रजीत रंगमंचावर आले. क्लोद-मिशेल शॉनबर्ग यांचे संगीत असलेल्या या नाटकात गद्य संवाद जवळजवळ नाहीत. कथानक गायनातूनच पुढे सरकते. त्याचा ऑस्ट्रेलियातील पहिला प्रयोग नोव्हेंबर १९८७ मध्ये सिडनीच्या थिएटर रॉयलमध्ये झाला. प्रमुख भूमिकांसाठी स्थानिक कलावंतांची निवड झाली होती. नायक जाँ वालजाँच्या भूमिकेत लोकप्रिय गायक नॉर्मी रो, फाँतीनच्या भूमिकेत डेब्रा बर्न, कोझेतच्या भूमिकेत मरिना प्रायर, आंजोलरासच्या भूमिकेत अँथनी वॉर्लो आणि जाव्हेरच्या भूमिकेत क्वास्ट होते.

जाव्हेर हा पावाच्या चोरीसाठी शिक्षा भोगलेल्या वालजाँचा वर्षानुवर्षे पाठलाग करतो. कथेत तो नायकाच्या विरोधात उभा असला तरी रूढ अर्थाने खलनायक नाही. कायदा हीच ईश्वरी व्यवस्था आहे आणि आपण तिचे सेवक आहोत, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा आहे. या व्यक्तिरेखेसाठी दोन एकल गीते आहेत. त्यांपैकी ‘स्टार्स’ हे गीत पॅरिसच्या मूळ नाटकात नव्हते. ते लंडनच्या आवृत्तीसाठी रचले गेले. आकाशातील ताऱ्यांची अढळ शिस्त पाहून जाव्हेर त्यात आपली प्रतिज्ञा करतो. दुसरे गीत त्याच्या आत्महत्येचे आहे. ज्याला पकडायचे, त्यानेच जीवदान दिल्यामुळे न्याय आणि दया यांचा मेळ त्याला घालता येत नाही. या गीताची चाल संगीतकाराने नाटकाच्या आरंभी वालजाँच्या स्वगताला दिलेल्या चालीवरच बेतली आहे. दोघांवरही अनपेक्षित क्षमेचा प्रसंग येतो. एक बदलतो, दुसरा मोडून पडतो.

क्वास्ट यांनी हा जाव्हेर दुष्ट म्हणून न रंगवता श्रद्धाळू म्हणून रंगवला. ‘स्टार्स’ ते धमकीसारखे गात नाहीत. त्यांच्या गायनात ते प्रार्थनेच्या जवळ जाते. यामुळे पुढची आत्महत्या ही पराभूत शत्रूची अखेर न राहता एका श्रद्धेचा अंत ठरते.

ही भूमिका जगभर पोहोचली ती मुख्यतः ध्वनिमुद्रणामुळे. १९८८ मध्ये निरनिराळ्या देशांतील कलावंतांना घेऊन संपूर्ण नाटकाचे वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण करण्यात आले. त्यात जाव्हेरसाठी क्वास्ट यांची निवड झाली. या ध्वनिमुद्रणाला १९९१ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. क्वास्ट यांनी लंडनच्या प्रयोगांतही ही भूमिका केली. लंडनमधील पहिल्या प्रयोगास दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ८ ऑक्टोबर १९९५ रोजी, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या मैफिलीत कोम विल्किन्सन यांच्यासमवेत ते पुन्हा जाव्हेर झाले. या मैफिलीचे चित्रीकरण उपलब्ध असल्याने, सिडनी वा लंडनचे प्रयोग न पाहिलेल्या प्रेक्षकांनाही त्यांचा जाव्हेर परिचित आहे.

तीन ऑलिव्हिये पुरस्कार

पहिला पुरस्कार स्टीव्हन साँडहाइम आणि जेम्स लॅपाइन यांच्या ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’ या नाटकासाठी मिळाला. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये १९९० मध्ये स्टीव्हन पिमलॉट यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचे प्रयोग झाले. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा आपले ‘ग्रांद जात बेटावरील रविवारची दुपार’ हे चित्र रंगवीत असतानाच्या काळावर पहिला अंक बेतलेला आहे. सरा रंगांचे सुटे ठिपके शेजारी शेजारी देऊन चित्र उभे करीत असत. साँडहाइम यांनी संगीतातही तोच परिणाम साधला असून सुटे, तुटक स्वर हळूहळू एकत्र येतात. दुसरा अंक शंभर वर्षांनंतरच्या अमेरिकेत घडतो आणि चित्रकाराच्या पणतूची भूमिका तोच नट करतो. कलेसाठी प्रेमाची माणसे दुरावणारा कलावंत हा या नाटकाचा विषय. क्वास्ट यांच्यासमवेत डॉटच्या भूमिकेत मरिया फ्रीडमन होत्या. नाटकाचे शंभराहून थोडे अधिकच प्रयोग झाले. परंतु १९९१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट नव्या संगीत नाटकाचा आणि क्वास्ट यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

दुसरा पुरस्कार १९९८ मध्ये ‘द फिक्स’ या नाटकासाठी मिळाला. सॅम मेंडिस यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक १९९७ मध्ये सुमारे अडीचशे आसनांच्या डॉनमार वेअरहाउस या नाट्यगृहात झाले. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार अकस्मात मरण पावतो आणि त्याची पत्नी व भाऊ मिळून त्याच्या मुलाला राजकारणात पुढे ढकलतात, असे त्याचे उपहासात्मक कथानक आहे. पोलिओने पाय अधू झालेला, स्वतः सत्तेवर येऊ न शकणारा काका ग्रॅहम ही क्वास्ट यांची भूमिका होती. नाटकाविषयी समीक्षकांचे मत संमिश्र होते, तरीही क्वास्ट यांच्या कामाची दखल घेतली गेली.

तिसरा पुरस्कार २००२ मध्ये रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या ‘साउथ पॅसिफिक’मधील एमिल द बेक या मध्यमवयीन फ्रेंच बागायतदाराच्या भूमिकेसाठी मिळाला. हे नाटक नॅशनल थिएटरमध्ये ट्रेव्हर नन यांनी दिग्दर्शित केले होते.

या तिन्ही नाटकांत एक समान धागा आहे. ती दीर्घकाळ चालणारी व्यावसायिक नाटके नव्हती. मर्यादित प्रयोगांसाठी, नॅशनल थिएटर किंवा डॉनमारसारख्या नाट्यगृहांत ती झाली. अशा नाट्यगृहांत आठवडे मोजून मिळतात आणि प्रयोग संपले की भूमिका केवळ प्रेक्षकांच्या स्मरणात उरते. जाव्हेर ध्वनिमुद्रणामुळे टिकला. जॉर्ज आणि ग्रॅहम मात्र फार थोड्या लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

इतर उल्लेखनीय काम

‘द सीक्रेट गार्डन’ या नाटकातील दोन्ही भावांच्या भूमिका क्वास्ट यांनी केल्या आहेत. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात ते धाकटा भाऊ डॉ. नेव्हिल होते, तर थोरला भाऊ आर्चिबाल्ड क्रेव्हन अँथनी वॉर्लो यांनी रंगवला. पुढे रॉयल शेक्सपियर कंपनीच्या निर्मितीत क्वास्ट स्वतः आर्चिबाल्ड झाले. या संस्थेत त्यांनी शेक्सपियरच्या गद्य-पद्य नाटकांतही कामे केली.

२००६ मध्ये लंडनच्या अ‍ॅडेल्फी थिएटरमधील ‘एव्हिटा’त ते हुआन पेरॉन होते. ‘मेरी पॉपिन्स’च्या ऑस्ट्रेलियातील निर्मितीत २०१० पासून त्यांनी जॉर्ज बँक्स साकारला. ‘स्वीनी टॉड’मधील न्यायाधीश टर्पिन त्यांनी २०१४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमवेत आणि २०१५ मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी केला. २०१७ मध्ये नॅशनल थिएटरच्या ‘फॉलीज’मध्ये त्यांनी बेंजामिन स्टोनची भूमिका केली. हा प्रयोग चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपित झाला.

दूरचित्रवाणीवर ‘अल्ट्राव्हायोलेट’ (१९९८) या ब्रिटिश मालिकेत त्यांनी धर्मगुरूची भूमिका केली.

गायन व अभिनयशैली

क्वास्ट यांचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषी आवाजातील मधल्या पट्टीचा आहे. इंग्रजी संगीत नाटकांत तरुण प्रियकर बहुधा उंच पट्टीत गातो, तर अधिकारी, पिता, न्यायाधीश अशा व्यक्तिरेखा या खालच्या पट्टीत लिहिल्या जातात. जाव्हेर, पेरॉन, टर्पिन आणि बँक्स हे सर्व या प्रकारचे सत्ताधारी पुरुष आहेत. क्वास्ट अशा व्यक्तिरेखांच्या कठोरपणाखालील भीती किंवा एकाकीपणा दाखवतात. त्यांच्या गायनात शब्द स्पष्ट ऐकू येतात आणि स्वराचा विस्तार अर्थाच्या मागोमाग येतो. त्यामुळे गीत हे नाटकातून वेगळे न पडता व्यक्तिरेखेच्या विचाराचाच पुढचा टप्पा वाटते.

ऑलिव्हिये पुरस्कार

• १९९१ – ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’ (जॉर्ज)
• १९९८ – ‘द फिक्स’ (ग्रॅहम चँडलर)
• २००२ – ‘साउथ पॅसिफिक’ (एमिल द बेक)