हिशेबात न बसलेला वैमानिक

8 ऑक्टोबरला हवाई दल दिन. कसरती होतील, राफेल-सुखोईचे फोटो झळकतील आणि ‘पहिले भारतीय वैमानिक’ अशी चौकट छापून आलीच, तर तीत इंद्रलाल रॉय असेल. त्याबद्दल तक्रार नाही. पहिल्या महायुद्धात दोन आठवड्यांत दहा विमानं पाडून 22 जुलै 1918 रोजी, एकोणिसाव्या वर्षी गेलेल्या पोराला विसरायचं कसं? त्याच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. पण त्याच्या तीनच आठवडे आधी, त्याच पश्चिम आघाडीवर मुंबईचा एक वैमानिक गेला: लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. महाराष्ट्रात किती जणांनी हे नाव ऐकलंय?

मुळात ब्रिटिश हवाई दलात शिरणंच अवघड होतं. ऑगस्ट 1917 पर्यंत लढाऊ तुकड्यांत भारतीयाला राजाचं कमिशन मिळत नसे. हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डचा पदवीधर. त्यालाही आधी फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. फ्रेंच हवाई दल त्याला घ्यायला निघालं, तेव्हा कुठे इंग्रजांना जाग आली. मलिक, रॉय, एरॉल सेन आणि केंब्रिजला शिकलेला वेलिणकर असे चौघे त्या फटीतून आत गेले.

वेलिणकरच्या वाट्याला 23 नंबरचं स्क्वॉड्रन आणि सॉपविथ डॉल्फिन हे विमान आलं. विमान विचित्रच. खालचा पंख वरच्याच्या पुढे, आणि वरच्या पंखाच्या मधल्या सांगाड्यातून वैमानिकाचं डोकं बाहेर. वरून झडप घालणारा शत्रू दिसायला फारच सोयीचं. पण उतरताना विमान उलटलं तर पहिला आघात मानेवर. इंजिनाचे गिअरही दगा द्यायचे. आणि पॅराशूट? निरीक्षण फुग्यातल्यांना होतं, ब्रिटिश विमानातल्यांना नाही. जर्मन वैमानिक त्याच उन्हाळ्यात पॅराशूट बांधून उडू लागले होते. साहेबांच्या या कंजुषीवर वेगळा लेख होईल.

27 जून 1918 ला वेलिणकर गस्तीवर गेला तो परतला नाही. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती लागला आणि 30 जूनला वारला. त्यांनी त्याला पुरलं, पण नोंद करताना नावाचं ‘वुमकर’ झालं. युद्ध संपलं तरी घरच्यांना थडगं सापडेना. बऱ्याच शोधानंतर ओळख पटली. आज तो फ्रान्समध्ये सोम नदीच्या भागात, हँगार्डच्या दफनभूमीत आहे. न्यव्ह-शापेलच्या भारतीय स्मारकावर त्याचं नाव शोधू नका. ते भारतीय सेनेतल्या, थडगं न सापडलेल्यांसाठी आहे. वेलिणकर रॉयल एअर फोर्सचा.

माझं मत विचाराल तर घोळ मोजपट्टीचा आहे. हवाई युद्धाची कीर्ती पाडलेल्या विमानांवर ठरते, आणि थोडेच दिवस लढलेल्याला तिथे जागा मिळत नाही. दरवाजा उघडायला लावणं हीसुद्धा कामगिरीच की! त्या चौघांनंतर तो पुन्हा बंदच झाला. भारतीयांना क्रॅनवेलच्या हवाई प्रशिक्षण महाविद्यालयात घ्यावं, ही शिफारस करायला 1925 साली स्कीन समिती नेमावी लागली. तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या भारतीय वैमानिकांना कमिशन मिळायला 8 ऑक्टोबर 1932 उजाडला. वेलिणकरला जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.