काट्याचा नायटा

त्वचेचे उपेक्षित आजार : भाग सहावा

ब्राझीलच्या उत्तरेकडचं पारा हे राज्य ॲमेझॉनच्या मुखाशी वसलेलं आहे. ज्या आजाराबद्दल आज लिहायचं आहे, त्याचे रुग्ण तिथल्या डॉक्टरांना नवे नाहीत. त्यांच्यातल्या एका रुग्णाने आपल्याला हा आजार कुठे जडला ती जागा दाखवली. संशोधकांनी तिथे वाढलेल्या लाजाळूचे काटे गोळा करून प्रयोगशाळेत नेले. त्या काट्यांवरून एक काळपट बुरशी वाढली. तिचं नाव फोन्सेसिया पेड्रोसोई. अशा रुग्णांच्या कातडीत सापडते ती हीच. २००४ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झालं.

ही लाजाळू म्हणजे आपलीच लाजाळू. मूळची ती अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाची, पण आता कोकणात आणि गोव्यात ती बांधावर, पायवाटेच्या कडेला, पडीक रानात सगळीकडे असते. तिची पानं मिटतात याचं मुलांना कौतुक. तिच्या खोडावर बारीक, वाकडे काटे असतात हे अनवाणी चालणाऱ्यालाच ठाऊक.

आजाराचं नाव क्रोमोब्लास्टोमायकोसिस. मागच्या भागात आपण मदुरा पाय पाहिला आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी त्याचा केलेला अभ्यासही पाहिला. आजचा आजार त्याचा जवळचा नातलग आहे. दोन्ही काट्याकुसळातून शिरतात, दोन्ही बहुधा पायावर येतात, दोन्ही मातीत राबणाऱ्यांना गाठतात. पण मदुरा पाय खोल उतरतो, हाड पोखरतो, आणि कातडीला पडलेल्या भोकांतून त्याचे दाणे बाहेर येतात. क्रोमोब्लास्टोमायकोसिस कातडी आणि तिच्या लगतचा थर एवढ्यातच मुक्काम ठोकतो. सहसा जीव घेत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी कोणी धावपळ करत नाही, आणि तो माणसाबरोबर दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहतो.

‘काळी बुरशी’ म्हटलं की आपल्याला २०२१चा उन्हाळा आठवतो. करोनातून उठलेल्या कित्येकांचे डोळे आणि जबडे त्या आजाराने नेले. तो म्युकरमायकोसिस. त्यातली बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्या बुजवते आणि रक्त न पोचलेला भाग मरून काळा पडतो. तिथे दिवसांचा हिशेब असतो आणि घाई केली नाही तर माणूस हातचा जातो. आजच्या लेखातल्या बुरशा मात्र स्वतःच काळ्या आहेत आणि त्यांचं सगळं काम संथ आहे. त्या धडधाकट, चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या माणसांनाही होतात. एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत.

त्यांचा काळेपणा येतो मेलॅनिनमुळे. आपल्या कातडीला रंग देणारं द्रव्यही मेलॅनिनच, फक्त या बुरशा ते वेगळ्या रासायनिक वाटेने बनवतात आणि आपल्या पेशींच्या भिंतीत साठवतात. वाळलेल्या काट्यावर, कुजक्या लाकडावर, उन्हाने तापलेल्या मातीत तग धरायला त्यांना हे कवच लागतं. उन्हासाठी घातलेलं हे कवच माणसाच्या शरीरातही उपयोगी पडतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळून त्याच्यावर जहाल ऑक्सिडीकारक रसायनांचा मारा करतात. मेलॅनिन तो मारा बऱ्याच अंशी पचवतं.

यापुढचं त्यांचं वागणं मला या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. मातीत ही बुरशी धाग्यांच्या रूपात असते. कातडीत शिरली की ती धागे सोडून देते. तिच्या गोल, जाड भिंतीच्या, तपकिरी पेशी बनतात आणि त्या पेशींना आत उभे-आडवे पडदे पडतात. आकार साधारण ५ ते १२ मायक्रॉन. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तांब्याच्या जुन्या नाण्यांसारख्या दिसतात, आणि पॅथॉलॉजीच्या पुस्तकांतही त्यांची ओळख तशीच दिलेली असते. या रूपात त्या फारशा वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांना वेढा घालून बसतात, गाठी तयार होतात, वरची कातडी जाड होत जाते. खरखरीत, चामखिळीसारखा जो चट्टा दिसतो तो निव्वळ बुरशीचा नसतो. तिला हुसकावता न आलेल्या आपल्या शरीराने उभारलेली ती तटबंदी असते.

शरीर एक गोष्ट मात्र नेटाने करत राहतं. मेलेल्या पेशी, थोडं रक्त आणि बुरशीच्या त्या तपकिरी पेशी ते हळूहळू वर ढकलून कातडीबाहेर टाकतं. म्हणून चट्ट्यावर बारीक काळे ठिपके दिसतात, मिरपूड भुरभुरल्यागत. हा ठिपका नीट लक्षात ठेवावा, कारण निदान त्याच्यातच आहे.

या आजाराची पहिली नोंद नेमकी कोणाची, हा प्रश्न थोडा गुंत्याचा आहे. साव पावलोमध्ये अलेक्झांड्रिनो पेद्रोसो यांनी १९११ मध्ये असा रुग्ण पाहिला, पण त्यांचं लिखाण प्रसिद्ध व्हायला १९२० उजाडलं. दरम्यान ब्राझीलमध्येच काम करणारे जर्मन डॉक्टर मॅक्स रुडॉल्फ यांनी १९१४ मध्ये आपले रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांच्या लेखातून दिसतं की मिनास जेराइसच्या लोकांकडे या आजाराला आधीपासून स्वतःचं नाव होतं. शेतकऱ्यांनी तो डॉक्टरांच्या आधी ओळखला होता. १९१५ मध्ये, उष्ण कटिबंधापासून दूर असलेल्या बॉस्टनमध्ये, मेडलर आणि लेन यांनी एका रुग्णाचं वर्णन केलं. त्या गोल पेशींना आजही मेडलर यांचं नाव जोडलं जातं. पेद्रोसोंचं नाव बुरशीला मिळालं.

पुढे हा आजार जिथे सर्वांत दाट सापडला ते ठिकाण म्हणजे मादागास्कर. १९५५ ते १९९४ या चाळीस वर्षांत तिथे हजारावर रुग्णांची नोंद झाली. त्या एकाच बेटावर आजाराचे दोन चेहरे दिसतात. उत्तरेकडच्या दमट, पावसाळी भागात फोन्सेसिया, तर दक्षिणेकडच्या कोरड्या, काटेरी रानात क्लॅडोफियालोफोरा कॅरिओनाय ही दुसरी काळी बुरशी. व्हेनेझुएलाच्या फाल्कोन राज्यातही असाच कोरडा, निवडुंगांचा मुलूख आहे. तिथे शेळ्या राखणाऱ्यांच्या घरांत एकापेक्षा जास्त रुग्ण सापडतात. सारखं काम, सारखे काटे, आणि कदाचित रक्तातून आलेला काही कमकुवतपणाही. तिथल्या निवडुंगात राहणारी एक बुरशी दिसायला कॅरिओनायसारखीच आहे, पण जनुकं तपासल्यावर ती तिची निरुपद्रवी बहीण निघाली. म्हणून काट्यावर काळी बुरशी दिसली की तीच रोगाची, असं लगेच म्हणता येत नाही. लाजाळूच्या काट्याची गोष्ट वाचतानाही हे ध्यानात ठेवायला हवं.

ब्राझीलच्याच मारान्याव राज्यात बाबासू नावाच्या ताडाची फळं फोडून आतला गर काढण्याचं काम बायका करतात. जमिनीवर, फोडलेल्या कवचांच्या ढिगात बसून. त्यांच्यात हा आजार नितंबावर आढळला. पाठ्यपुस्तकात ‘पाय’ असं छापलेलं असतं, कारण बहुतेक रुग्ण अनवाणी शेतात उतरणारे पुरुष असतात. पण बुरशी माणूस मातीला जिथे टेकतो तिथून शिरते. त्या बायकांना असा चट्टा परक्या डॉक्टरला दाखवायला किती संकोच झाला असेल, आणि त्या संकोचात किती वर्षं गेली असतील, याचा विचार मला सुटत नाही.

जगभरातल्या प्रसिद्ध नोंदी एकत्र केल्या तेव्हा शंभराहून अधिक वर्षांतल्या रुग्णांची संख्या सात हजार सातशेच्या आसपास भरली. भारताचं काय? आपल्याकडचा पहिला रुग्ण आसाममधला, १९५७ सालचा. २०१७ मध्ये सगळ्या भारतीय नोंदींचा आढावा घेतला गेला. साठ वर्षांत मिळून १६९ रुग्ण. बहुतेक हिमालयाच्या पायथ्याचे आणि पश्चिम-पूर्व किनारपट्ट्यांवरचे. म्हणजे जिथे उष्मा, पाऊस आणि भातशेती आहे तिथले. हा १६९चा आकडा मला आजाराच्या दुर्मीळपणाचा पुरावा वाटत नाही. ज्याची तपासणी झाली, निदान झालं आणि ज्याच्यावर एखाद्या डॉक्टराने लेख लिहिला, एवढेच लोक त्यात आहेत. भाताच्या खाचरात उतरणारे किती लाख पाय आपल्याकडे आहेत, आणि त्यातले किती कधी त्वचारोगतज्ज्ञासमोर येतात?

काटा मोडला की आपण काय करतो? पिनेने उकरतो, रुईचा चीक लावतो, कोणी बिब्ब्याचा चटका देतो, आणि दुसऱ्या दिवशी लावणीला उभे राहतो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तिथे एक लालसर पुळी येते. दुखत नाही, खाजते. ‘कुरूप झालं असेल’ म्हणून ती विसरली जाते. पुळी खाजवून खाजवून आजूबाजूला पसरते, काही वर्षांत पोटरीवर हातभर चट्टा होतो. त्यात दुसरे जंतू शिरले की पू होतो, वास येतो, माणसं दूर बसतात. लसिका वाहिन्या बुजल्या की पाय सुजून जड होतो. फार जुन्या चट्ट्यात कातडीचा कर्करोगही उद्भवू शकतो.

मधल्या काळात उपचार होत नाहीत असं नाही, चुकीचे होतात. औषधांच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणलं जातं. त्याने खाज थांबते, लाली उतरते, आणि त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावून बुरशीला रान मोकळं मिळतं. कधी चट्टा कातडीच्या क्षयासारखा दिसतो आणि क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालतात. दिसायला दोन्हींत खरोखर साम्य आहे, एवढ्यावरून डॉक्टरला दोष देता येणार नाही. दोष न तपासण्याचा आहे.

कारण तपासणी साधी आहे. चट्ट्यावरचा काळा ठिपका खरवडायचा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. त्या तपकिरी पेशी दिसल्या की निदान झालं. थुंकी तपासायला ठेवलेला सूक्ष्मदर्शक यालाही चालतो. पारामधल्या डॉक्टरांनी तर साधी चिकटपट्टी चट्ट्यावर दाबून, ती काचेवर लावून निदान केलं आहे. ठिपका सापडला नाही किंवा शंका राहिली, तर कातडीचा तुकडा काढून तपासता येतो. नेमकी जात ओळखायला बुरशी वाढवावी लागते, त्याला आठवडे लागतात.

हे निदान लवकर झालं तर काय होतं? चट्टा लहान असेल तर शस्त्रक्रियेने समूळ कापून काढता येतो आणि माणूस मोकळा होतो. तोच चट्टा पोटरीभर पसरल्यावर इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम, सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त घ्यावं लागतं. कॅप्सूल पोटभर जेवणानंतरच घ्यायची, नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही. टर्बिनाफिन हे दुसरं औषध, कधी दोन्ही मिळून. जोडीला द्रव नायट्रोजनने चट्टा गोठवतात. या बुरशा ४० अंशांच्या पुढे वाढत नाहीत, म्हणून जपानी डॉक्टरांनी चट्ट्यावर तासन्‌तास शेक देण्याचा उपाय केला आणि काहींना गुण आला. याचा अर्थ घरी चटके द्यावेत असा नाही. भाजलेली कातडी हे नवं दार ठरतं. एवढं सगळं करूनही जुना आजार पूर्ण बरा होईल अशी हमी नसते आणि औषध थांबल्यावर तो उलटू शकतो. मजुरीवर जगणारा माणूस वर्षभर रोजच्या गोळ्या विकत घेईल, दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी जाईल, ही अपेक्षाच मुळात फोल आहे. म्हणून लढाई पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जिंकावी लागते.

‘बूट घाला’ हा सल्ला सर्वत्र छापलेला असतो. चिखलणीत, लावणीत बूट घालून कोणी काम करून दाखवावं. पाय निघतो आणि बूट चिखलात राहतो. रानात, कुंपण घालताना, लाकूडफाटा गोळा करताना मात्र पायात काहीतरी असणं शक्य आहे आणि ते जरूर असावं. काटा लागला तर तो अर्धवट न ठेवता पूर्ण काढावा, जागा साबणाने धुवावी, आणि पुढच्या काही महिन्यांत तिथे पुळी आली तर ती दाखवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये हा आजार उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतला. २०२२ साली तिने त्वचेच्या अशा सगळ्या आजारांसाठी एक आराखडा काढला. त्याचा गाभा असा, की एकेका आजारासाठी वेगळी मोहीम न काढता एकाच तपासणीत कातडीचे सगळे आजार शोधावेत. महाराष्ट्रात याची निम्मी तयारी आधीच झालेली आहे. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई घरोघर जाऊन चट्टे शोधतात. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या भातपट्ट्यात त्यांच्या हातातल्या कागदावर आणखी दोन प्रश्न घालायला हवेत : पायावर किंवा हातावर महिनोन्‌महिने न भरणारा खरखरीत चट्टा आहे का? त्यावर काळे ठिपके आहेत का? उत्तर ‘हो’ आलं तर रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर एवढंच लिहावं : ‘ठिपका खरवडून बुरशीसाठी तपासणे.’