क्लोरोफॉर्म आणि आपले हैदराबाद

अफझलगंजमधील उस्मानिया रुग्णालयाचे घुमट आपण नित्य पाहतो. १९०८ च्या महापुरापूर्वी मुसीकाठच्या या भागात जुने अफझलगंज रुग्णालय होते. त्या काळी भुलीच्या औषधाविषयीचा एक जगव्यापी वाद मिटविण्याचा यत्न याच नगरीत झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

क्लोरोफॉर्म हा गोडसर वासाचा, झटकन उडून जाणारा द्रव. एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी १८४७ साली तो भुलीसाठी वापरला. रुमालावर टाकून हुंगविला, की त्याची वाफ फुप्फुसांतून रक्तात व रक्तातून मेंदूत जाते. शुद्ध हरपते, स्नायू सैल पडतात. मात्रा फारच वाढली, तर मेंदूतील श्वसनाचे केंद्रही निद्रिस्त होते. पण १८४८ च्या जानेवारीतच हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना दगावली. नख ते केवढे! आधी काय थांबते, श्वास की हृदय? भूल देणाऱ्याने छातीकडे पाहावे, की नाडी धरावी?

येथील रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी यांचे उत्तर ठाम होते: श्वासाकडे पाहा. १८८८ साली त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करविले. विलायतेत शंका निघाल्या, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खाँ यांनी १००० पौंड दिले आणि १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’ पत्राच्या वतीने डॉ. लॉडर ब्रंटन येथे आले. दुसऱ्या आयोगाचाही निष्कर्ष तोच निघाला. लॉरींच्या विद्यार्थिनी डॉ. रूपाबाई फर्दूनजी यांनी याच शहरात रुग्णांना क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

श्वासावर लक्ष ठेवण्याचा उपदेश रास्तच होता. हृदयाला भय नाही, हे म्हणणे मात्र चुकले. प्रयोगातील प्राण्यांना मोठी मात्रा दिली, म्हणून श्वास आधी थांबला. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांना हलकी भूल देऊन अ‍ॅड्रिनलिन टोचले, तेव्हा हृदयाची लय विसकटून ती तत्काळ मेली. भ्यालेल्या रुग्णाच्या अंगात हेच द्रव्य आपोआप स्रवते. त्या मुलीला भीती वाटली नसेल काय?

क्लोरोफॉर्म यकृतालाही अपाय करतो. त्याची जागा पुढे इतर औषधांनी घेतली. आता शस्त्रक्रियेच्या वेळी श्वास आणि हृदयाची लय, दोन्ही यंत्रावर सतत पाहिली जातात.