सक्तीचा कामगार विमा : मालकाची कर्तव्ये

कामाच्या ठिकाणी होणारी दुखापत, आजारपण किंवा मृत्यू यांपासून कामगारास व त्याच्या कुटुंबास संरक्षण मिळावे, म्हणून मालकावर कायद्याने घातलेल्या विम्याच्या बंधनास 'सक्तीचा कामगार विमा' असे म्हणतात. भारतात याचे प्रमुख साधन म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना होय.

इतिहास

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने अपघाताच्या भरपाईचे दायित्व मालकावर टाकले. मात्र विमा उतरविणे सक्तीचे केले नाही. त्यामुळे मालकाची ऐपत नसल्यास भरपाई कागदावरच राहण्याचा धोका होता. प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालानंतर कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. आजच्या महाराष्ट्रात ती १९५४ साली नागपूर व मुंबई येथे सुरू झाली. हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

मालकाची कर्तव्ये

* साधारणतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेची नोंदणी करून सतरा अंकी संकेतांक घेणे.
* दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद करणे. कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारीही प्रथम मुख्य मालकाचीच असते.
* वेतनाच्या ३.२५ टक्के स्वतःची व ०.७५ टक्के कामगाराची वर्गणी (१ जुलै २०१९ पासूनचे दर) पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणे.
* अपघाताची नोंद ठेवणे व महामंडळास कळविणे.

मालकास आपला हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही. कामगाराच्या वेतनातून कापलेली वर्गणी न भरल्यास एक ते तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

विम्याचा पुरावा

ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्यान्वये मालकाने विम्याचे प्रमाणपत्र कामगारांना पाहता येईल असे ठेवावे लागते. भारतीय योजनेत प्रत्येक कामगारास स्वतंत्र विमा क्रमांक व 'पहचान' ओळखपत्र मिळते. त्यामुळे मालकाकडील प्रमाणपत्रापेक्षा कामगाराने आपला क्रमांक व जमा वर्गणी पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

मालकाने कसूर केल्यास

ज्याच्याबाबत वर्गणी 'देय' आहे, तो कामगार विमाधारक ठरतो. ती प्रत्यक्ष भरली गेलीच पाहिजे अशी अट व्याख्येत नाही. कामावरील दुखापतीबद्दलचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो व तात्पुरत्या अपंगत्वात तो वेतनाच्या सुमारे ९० टक्के असतो. मालकाच्या कसुरीचा भार कामगारावर पडू नये, हे या तरतुदींचे मर्म आहे. महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकते. आजारपणाच्या लाभासाठी मात्र ठरावीक दिवसांची वर्गणी आवश्यक असते.

योजनेबाहेरील कामगार

लहान आस्थापनांतील व हंगामी कामगार बहुधा या योजनेबाहेर राहतात. रत्नागिरीजवळील भाट्ये येथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. कोकणातील अशा नारळपट्ट्यांत झाडावर चढून नारळ उतरविणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' अपघात विमा योजना आहे. परंतु ती ऐच्छिक असून बागायतदारावर सक्तीची नाही.