गाडी बाजारात लावून जाताय? आधी कुलूप बघा, मग विम्याचा कागद

सांगोल्यात रविवारी जनावरांचा बाजार भरतो. पहाटेपासूनच पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर आणि दुचाक्या रस्त्याच्या दोन्ही अंगाला लागायला सुरुवात होते. खोंड बघायचा, दर ठरवायचा, ओळखीचं कुणी भेटलं की चहा घ्यायचा, यात माणूस तीन-चार तास गाडीकडं फिरकत नाही. आठवडी बाजार, मंगल कार्यालय, ग्रामीण रुग्णालयाचं आवार, वारीच्या दिवसांत पंढरपूरचं पार्किंग, सगळीकडं हेच. मालक लवकर येणार नाही हे चोराला कुणाला विचारावं लागत नाही.

गाडी जागेवर दिसली नाही की माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. दोन गल्ल्या फिरून बघतो. मेहुण्याला फोन लावतो, "तू नेलीस का रे?" यात अर्धा-पाऊण तास जातो आणि तेवढ्या वेळात दुचाकी दुसऱ्या तालुक्यात पोहोचलेली असते. मग पोलीस ठाण्यात एकच वाक्य ऐकू येतं, "साहेब, हँडल लॉक केलं होतं की!"

हँडल लॉक म्हणजे आतली एक छोटी लोखंडी पिन. जोर लावणाऱ्या माणसापुढं ती फार टिकत नाही. त्यात पाच-सात वर्षं धुळीत चाललेल्या गाडीचं कुलूप आतून झिजलेलं असतं, किल्लीही झिजलेली असते. चुकून दुसऱ्याच्या गाडीला आपली किल्ली लावली आणि ती चालू झाली, हा किस्सा पारावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. तुमच्या गाडीची किल्ली चालू स्थितीत सहज उपसून निघत असेल, तर कुलूप संपलंय असं समजा. गॅरेजवर पूर्ण लॉकसेट बदलून मिळतो.

हँडल लॉकच्या जोडीला दुसरं कुलूप हवंच. त्यानं चोरी शंभर टक्के थांबते असं नाही, पण चोराला वेळ लागतो, आवाज होतो आणि तो शेजारची मोकळी गाडी बघतो. डिस्क लॉक चांगलं, पण आपल्याकडच्या बहुतेक १०० सीसी गाड्यांना ड्रम ब्रेक असतात, तिथं ते बसत नाही. अशा गाडीला जाड साखळी आणि कुलूप वापरा. नुसती चाकात साखळी अडकवली तर दोघं मिळून गाडी टेम्पोत उचलून टाकतात. म्हणून साखळी चाकातून काढून विजेचा खांब, ग्रील किंवा सोबत्याच्या गाडीत अडकवा. तीन-चार जण मिळून लग्नाला आलात तर सगळ्या गाड्या एका साखळीत घालता येतात. कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका, खाली टेकलेल्या कुलपावर घाव बसतो.

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करायची सवयही उपयोगी आहे. गाडी चालू होते, पण थोडं अंतर गेल्यावर बंद पडते. बीएस-६ च्या नव्या गाड्यांत बहुधा हा कॉक नसतो. त्यांना छुपा स्विच, म्हणजे गॅरेजवाले ज्याला चोर स्विच म्हणतात तो बसवता येतो. तो सीटखाली नको, चोर आधी तिथंच हात घालतो. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापण्याआधी मात्र शोरूमला विचारून घ्या.

चारचाकीची गोष्ट वेगळी आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांच्या किल्लीत चिप असते, ती नसेल तर इंजिन चालू होत नाही. पण हे सगळं माणसाच्या एका सवयीपुढं वाया जातं. डेअरीवर दुधाचे कॅन उतरवताना, टपरीवर पुडी घेताना पिकअप चालूच ठेवली जाते, "दोनच मिनिटं" म्हणून. किल्ली गाडीत असेल तर चोराला काही तोडावंच लागत नाही, आणि पुढं विमा कंपनीही निष्काळजीपणा दाखवून अडवते. उतरताना किल्ली खिशात, मग ते अंतर दहा पावलांचं असो. जुन्या पिकअपला गिअर लॉक बसवा. जीपीएस ट्रॅकर लावला असेल तर त्यातल्या सिमचा रिचार्ज संपलेला नाही ना, हेही अधूनमधून बघावं. ट्रॅकर बसवून वर्षभर ॲप न उघडणारेही आहेतच.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली

एका ट्रॅक्टरची किल्ली दुसऱ्याला लागते हे शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको. त्यामुळं रात्री वस्तीवर लावलेल्या ट्रॅक्टरला बॅटरी कट-ऑफ स्विच आणि स्टिअरिंगला साखळी असावी. ट्रॉलीचं तर कुणी मनावरच घेत नाही. ऊस हंगामात रिकामी ट्रॉली रस्त्याच्या कडेला महिनाभर उभी असते, नंबर पुसलेला असतो. दुसऱ्या ट्रॅक्टरनं हुक अडकवला की दिवसाढवळ्या गेली, बघणाऱ्यालाही वाटतं मालकच नेतोय. दोन ट्रॉल्या समोरासमोर लावून दांड्या साखळीनं जखडा. वेल्डिंगवाल्याकडून चासीवर आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा दोन जागी नाव किंवा खूण कोरून घ्या आणि तिचा फोटो काढून ठेवा. रंग बदलता येतो, पण ती खूण तिथं आहे हे चोराला माहीत नसतं.

"पाच वर्षांचा विमा आहे की"

खरा घोळ इथं आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवी कार घेताना तीन वर्षांचा विमा एकदम काढावा लागतो. पण ही मुदत थर्ड पार्टी विम्याची आहे. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो कामाला येतो. गाडी चोरीला गेली तर त्यातून रुपयाही मिळत नाही. चोरीची भरपाई 'ओन डॅमेज' भागातून मिळते आणि हा भाग बहुतेकांनी शोरूममध्ये एकाच वर्षासाठी घेतलेला असतो. दुसऱ्या वर्षापासून कागदावर विमा जिवंत दिसतो, पोलीसही गाडी सोडतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कर्जावर घेतलेली गाडी गेली तर हप्ते मात्र सुरूच राहतात.

आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा. तिच्यावर दोन मुदती लिहिलेल्या असतात. 'ओन डॅमेज'ची तारीख उलटली असेल तर तेवढाच विमा वेगळा काढता येतो, २०१९ पासून तशी सोय आहे. त्यात 'आयडीव्ही' नावाचा आकडा बघा. गाडी चोरीला गेल्यावर मिळणारी रक्कम त्यावर ठरते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा लागतो, म्हणजे ८० हजारांच्या गाडीचे ४८ हजार धरले जातात. हप्ता कमी करायचा म्हणून एजंटनं हा आकडा आणखी खाली आणलेला नाही ना, तेही तपासा.

जुनी गाडी घेतली असेल तर आरसी आणि पॉलिसी दोन्ही तुमच्या नावावर हव्यात. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते कपाटात ठेवणारे कमी नाहीत, आणि चोरीची भरपाई अडकते ती इथंच. कंपनी दोन्ही किल्ल्याही मागते. एक हरवली असेल तर पोलिसांत तशी नोंद आजच करा, चोरी झाल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही. मूळ आरसी डिक्कीत ठेवून फिरू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवरचे कागद तपासणीत चालतात.

गाडी गेलीच तर

शोधाशोध न करता ११२ ला फोन करा आणि त्याच दिवशी गुन्हा नोंदवा. आरसीचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर चासी आणि इंजिन नंबर लगेच देता येतो. "दोन दिवस शोधा, मग या" असं उत्तर मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ऑनलाइन माहितीही देता येते, तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करायची. हद्द आमची नाही, हेही कारण चालत नाही. मग विमा कंपनी, फायनान्सवाले आणि आरटीओ यांना लेखी कळवा, पोहोच घ्या. गुन्हा वेळेत नोंदवलेला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे. तपास लागला नाही तर न्यायालयात 'अ' समरी जाते. कंपनी तो कागद मागते, त्यामुळं ठाण्यात त्याचा पाठपुरावा आपणच करायचा.

स्वस्तात मिळतेय म्हणून कागद नसलेली गाडी घेणाऱ्यांनीही जपावं. चोरीचा माल माहीत असून घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऊसतोडीच्या दिवसांत "कागद नंतर देतो" म्हणत पंधरा हजारांत दुचाकी विकणारे वस्तीवर येतात. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर आपल्या डोळ्यांनी जुळवून बघा. नंबर घासलेला दिसला तर विसार देऊ नका.

चोरीची गाडी पोलिसांना सापडली तरी ती थेट घरी येत नाही. न्यायालयात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर सोडवावी लागते. वाहनं ठाण्याच्या आवारात फार काळ पडू देऊ नयेत असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं, तरी आवारात गंजणाऱ्या दुचाक्यांची रांग काही हटत नाही. गाडी सापडल्याचा फोन आला की आरसी, विमा आणि आधार घेऊन त्याच आठवड्यात अर्ज टाका. पावसाळा एक गेला की इंजिनचं काम निघतं.