ग्रंथ एक, फाइली किती?

छापील ग्रंथ बांधून एकदा हाती आला, की त्याचे तुकडे करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. संगणकीय ग्रंथाचे तसे नाही. हजार पानांचा मजकूर वाचकाला एकाच फाइलीत द्यायचा, की प्रकरणागणिक वेगळ्या फाइलींत, हे निर्मात्याला ठरवावे लागते. हा निर्णय वरकरणी तांत्रिक वाटतो; परंतु वाचन सुकर होणार की जाचक, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते.

तांत्रिक ग्रंथांसाठी १९९१ मध्ये आकाराला आलेल्या 'डॉकबुक' या खूणभाषेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या भाषेत मजकूर कसा दिसावा हे सांगितलेले नसते. तो काय आहे, म्हणजे प्रकरण, विभाग, तक्ता की तळटीप, एवढेच नोंदवलेले असते. त्यामुळे एकाच मूळ संहितेतून छापील प्रत, संकेतस्थळ आणि ई-पुस्तक अशी तिन्ही रूपे सिद्ध करता येतात. हे रूपांतर 'एक्सएसएल' शैलीपत्रके करतात आणि मजकुराचे खंड कसे पाडायचे, याच्या सूचनाही त्यांनाच द्याव्या लागतात.

त्यातील पहिली सूचना खोलीची. 'चंक.सेक्शन.डेप्थ' या चलाचे मूल्य मुळात १ असते. म्हणजे प्रकरणांबरोबरच त्यांतील पहिल्या पातळीच्या विभागांनाही स्वतंत्र फाइल मिळते. मूल्य ० केल्यास विभाग प्रकरणातच राहतात आणि २ केल्यास उपविभागही सुटे होतात. दुसरी सूचना पहिल्या विभागासंबंधी. तो सहसा प्रकरणाच्या प्रास्ताविकासोबत एकाच फाइलीत ठेवला जातो. अन्यथा प्रकरण उघडताच दोन ओळींचे, जवळजवळ कोरे पान वाचकासमोर येण्याचा संभव असतो.

तिसरी सूचना सर्वाधिक महत्त्वाची, आणि नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होते. ती आहे फाइलींच्या नावांची. काहीच न सांगितल्यास नावे क्रमाने पडतात. पुढील आवृत्तीत तिसऱ्या प्रकरणाआधी नवे प्रकरण घातले, की जुने तिसरे चौथे होते आणि बाहेरून त्याकडे येणारा प्रत्येक दुवा भलत्याच पानावर जाऊन पोहोचतो. दुवा तुटला तर वाचकाला निदान ते कळते; चुकीच्या पानावर नेणारा दुवा मात्र त्याची दिशाभूल करतो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक प्रकरणाला व विभागाला अर्थपूर्ण, कायमची ओळखखूण द्यावी आणि 'यूज.आयडी.अॅज.फाइलनेम' हा पर्याय चालू करून तीच फाइलीचे नाव म्हणून वापरावी.

ई-पुस्तकाच्या 'ईपब' स्वरूपात खंडांचा क्रम वेगळ्या यादीत नोंदवलेला असतो. त्यामुळे वाचक एका फाइलीतून दुसरीत सहज जातो आणि सांधा त्याला जाणवतही नाही. वाचनयंत्राला मात्र फाइलीच्या आकाराची मर्यादा जाणवू शकते. जुन्या यंत्रांना मोठी फाइल पेलत नसे. म्हणूनच 'कॅलिबर' ही प्रसिद्ध प्रणाली, वेगळे काही न सांगितल्यास, २६० किलोबाइटहून मोठी फाइल आपोआप विभागते.

मराठी ग्रंथांच्या निर्मात्यांनी येथे विशेष सावध राहावयास हवे. 'यूटीएफ-८' या संकेतप्रणालीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, मात्रा आणि अनुस्वार यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. 'की' या एकाक्षरी शब्दालाच सहा बाइट खर्ची पडतात. इंग्रजी प्रकरण ज्या मर्यादेत आरामात बसते, ती मर्यादा तेवढ्याच लांबीचे मराठी प्रकरण कितीतरी आधी ओलांडते आणि मग यंत्र आपल्या सोयीने, मजकुराच्या मध्येच कोठेतरी त्याचे दोन भाग करते.

तात्पर्य, विभागणी मजकुराच्या अर्थानुसार व्हावी, यंत्राच्या लहरीनुसार नव्हे. त्यासाठी प्रकरणे व विभाग यांच्या खुणा मूळ संहितेतच काटेकोरपणे केलेल्या असाव्या लागतात. संहिता शिस्तीची असेल, तर खोलीचा एक आकडा बदलून संपूर्ण ग्रंथाची नवी मांडणी करता येते. ती विस्कळीत असेल, तर कोणतेही शैलीपत्रक तिला सावरू शकत नाही.